सीडरची भिंत

रविवारी पहाटे साडेपाचला तेरेझा उत्तरेच्या वाड्याच्या कुंपणाला टेकून बैलांचे श्वास मोजत होती. घड्याळ डाव्या हातात आणि नजर एका काळ्या बैलाच्या बरगड्यांवर. एका मिनिटात एकशे दहा. दुसरा निवडला, त्याचे एकशे अठरा. रात्रभर एकही बैल खाली बसला नव्हता. या वेळेला, सूर्य वर यायच्या आधी, बैल कसा आडवा पसरलेला असायला हवा, अर्धे डोळे मिटून रवंथ करत, श्वास साठाच्या घरात. आदल्या दिवशीची उष्णता रात्री अंगातून निघून गेली तरच जनावर दुसरा दिवस सोसतं. इथे ती निघालीच नव्हती.

तिला ठाऊक होतं तेवढं सगळं तिने केलं होतं. सकाळचं खाणं तोडून संध्याकाळवर नेलं होतं, कारण पोटात चारा पचताना शेगडी पेटते आणि ती भर दुपारी पेटून चालत नाही. पाण्याच्या टाक्या दोनाच्या चार केल्या होत्या. तापलेल्या मातीवर गव्हाचा पेंढा पसरला होता. सकाळी आठनंतर कुणी बैलांना जागचं हलवायचं नाही असा दम तिने घरातल्या सगळ्यांना दिला होता, आणि सत्तावीस वर्षांच्या पोरीचा तो दम लेनर्ड होलेचेकने, म्हणजे तिच्या बापानेही, मुकाट्याने ऐकला होता. तरी चार दिवसांत नऊ बैल गेले.

ती दक्षिणेच्या वाड्यांकडे निघाली. मध्ये आजोबांची सीडरची रांग. बावीस झाडं, तीस-तीस फूट उंच, आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंत इतकी गच्च की पलीकडे कुणी कंदील धरला तरी दिसू नये. रांगेला वळसा घालून ती पलीकडे पोहोचली आणि तिच्या घामेजल्या मानेला काहीतरी गार लागलं. ती थांबली. वारा होता तो. फार नव्हता, मक्याचं पान जेमतेम हलेल एवढाच.

इथले बैल बसलेले होते. तिने एकाचे श्वास मोजले. चौसष्ट.

तीच काळी जात, तेच वजन, तोच चारा, त्याच विहिरीचं पाणी. मधे फक्त झाडं. मेलेले नऊच्या नऊ उत्तरेच्या वाड्यातले होते हे तिला कालच माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि मानेला लागणं वेगळं. तिने वळून त्या काळ्या-हिरव्या भिंतीकडे पाहिलं. लहानपणापासून ती या झाडांकडे देवळातल्या मूर्तींकडे बघावं तशी बघत आली होती. आज तिला त्यांची भीती वाटली.

लेनर्ड चाऱ्याच्या ट्रकमधून उतरत होता तेव्हा तिने त्याला गाठलं.

"बाबा, वारा आहे. झाडांच्या दक्षिणेला आहे, उत्तरेला नाही."

"काळी जनावरं आहेत, तापणारच," तो म्हणाला.

"दक्षिणेत काय पांढरी आहेत?"

लेनर्डने टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली. उत्तर नसलं की तो असंच करतो हे घरात कुत्र्यालाही माहीत होतं.

"त्यांना दक्षिणेत हलवू या म्हणशील तर तिथे जागा नाही," तो म्हणाला. "शिवाय चालवलं तर वाटेतच पडतील."

"हलवायचं नाहीच. उद्या पारा एकशे सातवर जाईल असं सांगितलंय, आणि वारा थोडाच, दक्षिणेचा. तो थोडा तरी यांना मिळाला पाहिजे. नाहीतर उद्या संध्याकाळी आपण नऊ नाही मोजणार बाबा, नव्वद मोजू. आज आत्या जेवायला येतेय ना? ड्वेनकाकांना झाडं पाडायचं मशीन घेऊन यायला सांगू?"

"त्या मशीनचं नाव आज आजोबांसमोर काढायचं नाही," लेनर्ड म्हणाला. "वाढदिवस आहे त्यांचा."

*

लेनर्डच्या बहिणीने, रोझलीने, चार वर्षांत या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. नवऱ्याच्या ट्रकमध्ये ती मांडीवर कोलाचांचं, गोड सारणाच्या पावांचं, ताट घेऊन बसली होती, खसखशीचे अर्धे आणि जर्दाळूचे अर्धे, वर फडकं. मागे ट्रेलरवर ड्वेनचं मशीन. ते त्याच्या पाठीशी शेपटासारखं असायचंच. पलीकडच्या शेतकऱ्याच्या कुरणात माजलेले सीडर उद्या काढायचे होते. ड्वेनचा धंदाच तो. पुढे कातरीसारखा लोखंडी जबडा असलेली ती गाडी बुंध्याला भिडवायची, जबडा मिटायचा, झाड आडवं. वर्षाला तो हजारो सीडर पाडायचा आणि त्याचा सासरा बावीस सीडर सांभाळून होता. लग्नाला तीस वर्षं झाली तरी सासऱ्याने ते मशीन फाटकाच्या आत येऊ दिलं नव्हतं.

"रस्त्यावरच लाव ते," रोझली म्हणाली.

"लावतो. पण ते दिसणारच त्यांना, लपणारंय का?"

दिसलंच. वेन्सेल होलेचेक, वय आजपासून चौऱ्याऐंशी, खिडकीशी बसूनच होते. "झाडं खाणारा आला," ते म्हणाले. "जेवायला येतानाही दात घरी ठेवत नाही."

जेवणात बदक होतं. बाहेर एकशे चार. एवढा ताप माणसाच्या अंगात असता तर डॉक्टरला बोलावलं असतं. पण होलेचेकांच्या घरात वाढदिवसाला भाजलेलं बदक, उकडलेले पिठाचे गोळे आणि आंबट कोबी नसेल तर माणूस त्या वर्षात जन्मलाच नाही असं धरतात. लेनर्डची बायको बर्निस पहाटेपासून भट्टीपुढे होती. तिचा चेहरा बदकापेक्षा लाल झाला होता.

"पुढच्या वेळी जानेवारीत जन्माला या," तिने सासऱ्यांच्या ताटात तंगडी टाकत म्हटलं.

"जानेवारीतही पाहिलंय," वेन्सेल म्हणाले. "तेव्हाही सुख नव्हतं."

रोझली आणि लेनर्ड समोरासमोर बसले होते. एकमेकांशी सोडून सगळ्यांशी बोलत होते. "लेनर्डला मीठ हवंय का विचार," असं ती बर्निसला म्हणाली तेव्हा लेनर्ड तीन हातांवर होता. खिडकीतलं हवा गार करायचं जुनं यंत्र घरघरत होतं आणि सगळे त्याच्या घरघरीवर आवाज चढवून हवामानाबद्दल बोलत होते.

तेरेझाने काटा खाली ठेवला. "मला सगळ्यांसमोर एक बोलायचंय. उत्तरेचे बैल झाडांमुळे मरताहेत."



"म्हणजे झाडं तोडायची म्हणतेस," लेनर्ड म्हणाला.

"हो."

"आजोबांच्या वाढदिवसाला."

"उद्या सोमवार आहे बाबा. सोमवार वाढदिवस बघत नाही."

रोझलीला स्वतःचंही आश्चर्य वाटलं, पण तिला हसू फुटलं. चार वर्षं दाबून ठेवलेलं, कडवट. "लेनर्ड," ती म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा तिने त्याचं नाव त्याच्याकडे बघून घेतलं. "झाडांमागे वाडे बांधायला घेतलेस तेव्हा मी काय म्हटलं होतं?"

"रोझी, आता नको."

"आता नको तर कधी? तेरेझा, तुला कुणी सांगितलं नसेल. मी लहान होते तेव्हा आई कपडे झाडांच्या मागे वाळत घालायची. का, तर आजोबांच्या लांब चड्ड्या रस्त्यावरून दिसू नयेत."

"बरोबर होतं तिचं," वेन्सेल म्हणाले.

"आणि एका उन्हाळ्यात तिने दोरी सोडली आणि पुढे आणून बांधली. अगदी रस्त्यासमोर. मागे कपडे वाळतच नव्हते. भर उन्हात, दिवसभर! ओलसर राहून वास मारायचे. तिने मला तिथे उभं केलं, म्हणाली, बघ, इथे हवा मेलेली आहे. हे मी तुझ्या बापाला सांगितलं, तेव्हा हा काय म्हणाला? कपड्यांच्या दोरीवरून गुरांचे वाडे ठरवायचे का, आणि माणसं हसली. बांधकामवाले सगळे हसले. तू हसलास त्यांच्याबरोबर, लेनर्ड."

लेनर्डने टोपी काढायला हात वर नेला. टोपी जेवताना डोक्यावर नव्हती.

"म्हणजे आत्या, तू माझ्या बाजूने आहेस," तेरेझा म्हणाली.

"मी? मी वाडे तिथे बांधू नका म्हटलं होतं. आईची झाडं तोडा असं कधी म्हटलं?" रोझलीचा आवाज चढला. "एकेक रोप तिने कॉफीच्या डब्यात वाढवलंय. तीन उन्हाळे विहिरीवरून बादल्या वाहिल्यात, पोटात लेनर्ड असताना सुद्धा. चूक याची आणि कापायची ती?"

"झाडांना हात लागणार नाही," लेनर्ड म्हणाला. "त्यात रोझीचं बरोबर आहे."

चार वर्षांनी भावाबहिणीचं एकमत झालं ते असं. तेरेझा एकदा बापाकडे आणि एकदा आत्याकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि त्या दोघांच्या एकसारख्या ताठ हनुवट्या बघून हसूही. ड्वेन मान खाली घालून कोबी खात होता. या घरात आपलं मत विचारलं जात नाही ही गोष्ट त्याला तीस वर्षांत सोयीची वाटू लागली होती.

वेन्सेल उठले. खुंटीवरची गवती टोपी घेतली आणि चुलीवरच्या फळीवरून काड्यापेटी.

"कुठे निघालात बाबा?" लेनर्ड म्हणाला. "बाहेर एकशे चार आहे."

"मार्ताने दोरी का हलवली ते बघायला," म्हातारा म्हणाला. "तेव्हा मी विचारलंच नव्हतं. चड्ड्यांवरून भांडलो फक्त. आठवडाभर."

*

लेनर्ड बापाच्या मागोमाग चालत होता, दोन हात अंतर ठेवून. सोबत आलोय असं वाटू नये, पण पडले तर धरता यावं, एवढं अंतर.

वेन्सेल आधी दक्षिणेच्या वाड्याच्या फाटकाशी थांबले. पायाखाली उघडी, तुडवलेली माती होती. गवताची काडी नव्हती. त्यांनी काडी ओढली. ज्योत कलली आणि विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तिसरी हाताच्या आडोशाला धरली आणि हात काढल्याबरोबर गेली. त्यांनी तिन्ही काड्या थुंकी लावून खिशात टाकल्या.

मग ते रांगेला वळसा घालून उत्तरेला आले.

लेनर्ड दिवसातून दहा वेळा इथे यायचा. पण बापाच्या पाठीमागून आज त्याला ते जणू पहिल्यांदा ऐकू आलं. दोनशे एकतीस बैल एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे होते. उन्हात एवढी जागा मोकळी असताना ते असे का चिकटतात हे कुणालाच धड सांगता येत नाही. माना पुढे ताणलेल्या, तोंडं उघडी, जिभा बाहेर लोंबणाऱ्या, लाळेच्या तारा गुडघ्यांपर्यंत. एवढ्या गळ्यांतून एकाच वेळी चाललेली ती धाप. हंबरणं नाही की धडपड नाही, नुसती धाप. तेराशे पौंडांची जनावरं, आणि सगळ्यांचा मिळून एकच आवाज, जमिनीतून येतोय असा.

वेन्सेलनी काडी ओढली.

ज्योत सरळ उभी राहिली. देवापुढच्या समईसारखी, जरासुद्धा न हलता. काडी जळत खाली आली, त्यांच्या बोटांपर्यंत आली, तरी ती तशीच. बोटं भाजली तेव्हा त्यांनी ती टाकली आणि बुटाने विझवली. दुसरी ओढली. तीही तशीच उभी.

"बाबा, बोटं."

"बघ तरी," वेन्सेल म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होता की लेनर्डला जवळ जावं लागलं. "केवढी शांत आहे बघ. नेब्रास्कात जन्म गेला माझा. घराबाहेर इतकी शांत ज्योत मी कधी बघितली नाही. आणि ही मी केलीय. मी आणि तुझ्या आईने, दोघांनी."

वेन्सेलनी दुसरी काडीही टाकली आणि बुटाने विझवली.

"ते पांढरं वादळ आलं तेव्हा मी चोवीसचा होतो. तीन दिवसांनी दार उघडता आलं. गुरं उभ्या उभ्या मेली होती. पडली सुद्धा नव्हती. नाकपुड्यांत बर्फ भरला, श्वास घ्यायला जागा राहिली नाही. एकतीस. मी एकेकीच्या नाकाला हात लावत गेलो. तेव्हा ठरवलं की हा वारा पुन्हा माझ्या गुरांपर्यंत येऊ द्यायचा नाही." त्यांनी झाडांकडे पाहिलं. "आणि नाहीच येऊ दिला बघ. साठ वर्षं. तेव्हा वाऱ्याने मेली, आता वारा नाही म्हणून मरताहेत. श्वासच दोन्ही वेळा."

"वाडे मी बांधले," लेनर्ड म्हणाला. "झाडांनी नाही बांधले. आणि कालचं तुम्हाला सांगितलं नाही मी. काल दुपारी आगीच्या बंबाची टाकी आणली, पाणी मारलं त्यांच्यावर. अर्ध्या तासात टाकी संपली. मग ऊन होतंच. अंगावरून वाफा निघायला लागल्या आणि वाऱ्याविना तिथेच कोंडल्या. आधी दोन गेले होते. सात त्यानंतर गेले, बाबा."

"माहीत आहे. बंबाची टाकी झाडांमागे जाताना खिडकीतून पाहिली."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? तुझ्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं." म्हाताऱ्याने काड्यापेटी खिशात टाकली. "हे बैल तीन आठवड्यांनी कापायलाच जाणार आहेत. त्याचं मला काही नाही, आयुष्यभर तेच केलं. पण इथे आपल्या दारात असेपर्यंत त्यांना पाणी, चारा आणि हवा द्यायची, एवढं तरी आपण देणं लागतो. हवा आपण देतच नाही रे. अडवून ठेवलीय." ते घराकडे वळले आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या छातीत मावणार नाही अशी हाक मारली. "ड्वेन! तुझे दात आत आण!"

*

संध्याकाळी सहाला, ऊन तिरकं झाल्यावर, ते मशीन तीस वर्षांत पहिल्यांदा फाटकाच्या आत आलं.

"किती काढायची?" ड्वेनने विचारलं. "मधली दहा काढली तरी—"

"सगळी," वेन्सेल म्हणाले. "मार्ताने अर्धी दोरी नव्हती हलवली."

"आणि हिवाळ्यात?" लेनर्ड म्हणाला. "वाड्याच्या उत्तरेला लावलेली नवी रोपं कमरेएवढी सुद्धा नाहीत."

"गवताच्या गाठोड्यांची भिंत रचा थंडीच्या तोंडावर थँक्सगिव्हिंगला, आणि थंडी सरली की ईस्टरला मोडा," तेरेझा म्हणाली. तिने हे सकाळपासून डोक्यात तयार ठेवलं होतं. "हलवता येते ती."

दुपारी वडील आत आल्यावर त्यांची भाजलेली बोटं रोझलीने थंड पाण्यात धरून ठेवली होती, आणि काडीची गोष्ट त्यांच्याकडून ऐकून घेतली होती. आता ती रांगेच्या पूर्व टोकाला गेली, बैलांपासून सगळ्यात लांबच्या झाडाशी, आणि त्याच्या सालीवर हात ठेवला.

"इथून सुरू कर," ती नवऱ्याला म्हणाली. "लांबून. आवाजाची सवय होऊ दे त्यांना. आणि सावकाश. त्यातला एक जरी पळायला लागला तर थांबायचं."

ड्वेनने आयुष्यात किती सीडर पाडले याचा हिशोब त्याने कधीच ठेवला नव्हता. कुरणात माजलेलं झाड म्हणजे त्याला गवताचा चोर. त्याबद्दल त्याला कधी काही वाटलं नाही. पण या पहिल्या बुंध्याला जबडा भिडवताना त्याने टोपी काढून शेजारच्या सीटवर ठेवली. बुंधा जाड होता, एका घासात तुटेना. मागे येऊन दुसऱ्या बाजूने घास घ्यावा लागला. झाड करकरलं, क्षणभर नुसतंच उभं राहिलं आणि मग दक्षिणेला आडवं झालं. आतलं लाकूड जांभळट लाल, आणि तो वास. जुन्या पेटाऱ्यातून गरम कपडे काढावेत तसा वास अख्ख्या अंगणावर पसरला.

कोपऱ्यातल्या बैलांनी माना वळवल्या. कुणी पळालं नाही. पळायचं बळच नव्हतं.

प्रत्येक झाडाला दोन घास. मोठ्यांना तीन. रोझली एकेका झाडाशी आधी जाऊन हात लावायची, मग बाजूला व्हायची. बाराव्या झाडाशी लेनर्ड तिच्या आधी पोहोचला होता. दोघांनी एकाच वेळी हात लावला आणि दोघं दोन बाजूंनी मागे सरली. बर्निस दाराशी एप्रन तोंडाला लावून उभी होती. वेन्सेल खुर्चीवर बसून होते, हात गुडघ्यांवर, पापणी न हलवता.

साडेआठला बाविसावं पडलं. सूर्य अजून क्षितिजाच्या बोटभर वर होता. उत्तरेच्या वाड्यातून पहिल्यांदाच घर दिसत होतं, घरापलीकडचा रस्ता दिसत होता, रस्त्यापलीकडचा मका आणि त्यावरचं सगळं आकाश. कुणी आकाश आणून ठेवावं तसं ते तिथे होतं. साठ वर्षं ते तिथेच होतं आणि या बाजूने कुणी पाहिलं नव्हतं. तेरेझाचे डोळे भरून आले.

पण वारा नव्हता. दिवस मावळताना असलेलाही पडला होता. आडव्या झाडांचं एक पान हलत नव्हतं. वेन्सेलनी खिशातली काड्यापेटी चाचपली, पण बाहेर काढली नाही.

"उद्या दुपारी सांगितलाय," तेरेझा म्हणाली.

"सांगितलाय," लेनर्ड म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि चारा टाकायला गेला.

*

सोमवारी पहाटे आणखी एक बैल गेला. राहिले दोनशे तीस. साडेबाराला पारा एकशे पाचवर होता आणि चढत होता. ड्वेन कुरणात गेला नाही. रोझली रात्री तिच्या लहानपणीच्या खोलीत झोपली होती. कुणी राहा म्हटलं नव्हतं आणि ती राहते असं बोलली नव्हती.

सगळे कुंपणाशी होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. टाक्या भरलेल्या, पेंढा पसरलेला, आत जायचं नाही. लेनर्डने एका बैलाचे श्वास मोजायला घेतले आणि एकशे साठला मोजणं सोडलं. बैल अजून त्याच कोपऱ्यात, एकमेकांना रेटून. झाडांच्या जागी बावीस लाल बुंधे. लेनर्डच्या मनात आलं की आपण आधी वाडे चुकवले, मग पाणी चुकवलं, आणि आता आईची झाडं पाडायचीही चूक करून बसलो.

एक वाजून गेला. मग रस्त्यापलीकडच्या मक्यात काहीतरी झालं. टोकाकडची पानं पांढरट उलटली, मग त्याच्या अलीकडची, मग अलीकडची. ते मक्यातून चालत येत होतं. रस्त्यावरची धूळ उठली, घराच्या दारावरची जाळी एकदा आपटली, आडव्या झाडांच्या फांद्या हलल्या. लेनर्डच्या ओल्या सदऱ्याची पाठ गार झाली. थंड नव्हता तो, भट्टीतूनच आलेला. पण हलत होता.

सगळ्यात बाहेरच्या बैलाने मान उचलली.

त्याने नाक दक्षिणेला केलं. तोंड उघडंच होतं, जीभ बाहेरच होती. तो दोन पावलं चालला आणि थांबला. मग त्याच्यामागचा निघाला. मग तो काळा गोळा सुटायला लागला, कडेकडेने, एकेक करून. कुणी हाकललं नाही, कुणी रेटलं नाही. एकेक बैल मोकळ्या जागेत येऊन, दुसऱ्याला न चिकटता, आपल्यापुरता उभा राहिला. सगळे त्याच दिशेला तोंड करून. पाच मिनिटांत दोनशे तीस काळी डोकी वाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रेषेत वळली होती आणि वारा त्यांच्या अंगावरून जात होता. कानांचे केस हललेले दिसत होते. ड्वेनने टोपी काढली. बर्निसने छातीवर क्रुसाची खूण केली.

तेरेझा ओठ हलवत मोजत होती. "एकशे चाळीस," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने, "एकशे बावीस." मग तिने घड्याळ खिशात टाकलं आणि नुसती बघत राहिली.

वेन्सेलनी काडी ओढली. विझली. दुसरी ओढली, विझली. तिसरी पेटलीच नाही. ते हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं ते त्यांनी पुसलं नाही. त्यांनी काड्यापेटी लेनर्डपुढे धरली. "लावून दाखव," ते म्हणाले.

लेनर्डने चार काड्या घालवल्या. एकही टिकली नाही. त्याने रिकामी होत आलेली पेटी मिटली आणि बहिणीकडे वळला. डोक्यावरची टोपी काढली, आणि या वेळी परत घातली नाही.

"रोझी," तो म्हणाला, "आज इथे आईची चादर तासाभरात वाळली असती."

रोझलीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती बैलांकडेच बघत होती.

"अर्ध्या तासात," ती म्हणाली.